पंधरा-वीस मेंढरं हेड्याला न देता थेट गिऱ्हाइकाला विकायची तर

नीरेकाठ
तालुका इंदापूर. २२ दख्खनी मेंढ्या, एक माडग्याळ मेंढा. गेल्याच्या आधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात झालेले १४ नर आता वर्षाच्या वर गेलेत. चराई आणि संध्याकाळी थोडा मका यावर २४ ते ३० किलोच्या दरम्यान आहेत. आजवर हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, दारात येऊन न तोलता नगावर उचलत आले. यंदा थेट द्यायचा विचार आहे. पुण्या-बारामतीतून विचारणा होते: कुणाला जत्रेला हवंय, कुणाला मे अखेरीच्या बकरी ईदला, दोघांना पाळायला माद्या हव्यात. वजनावर द्यावं की नगावर? विसार किती घ्यावा? कागद काय लागतात? आणि नेल्यावर चार दिवसांत मेंढरू आजारी पडलं तर कुणी भरायचं?

माणदेशी_माळ
कटाईच्या नरांना वजनच. हेडा मेंढराच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो आणि मटण किती पडेल ते त्याला कळतं. तुमच्या गिऱ्हाइकाला ते येत नाही, म्हणून तो नगाच्या भावात घाबरून कमी बोलतो. काटा लावला की त्याची भीती जाते आणि तुमचाही अंदाज चुकत नाही.

१०० किलोचा डिजिटल टांगता काटा घ्या, त्यावर वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजन-मापे खात्याचा, शिक्का असू द्या. पत्र्याच्या शेडच्या अँगलला टांगा. जाड कॅनव्हासची झोळी शिवून घ्या, चार पायांना चार भोकं, म्हणजे मेंढरू धडपडत नाही. आधी रिकामी झोळी लटकवून काटा शून्यावर आणा आणि तो शून्य गिऱ्हाइकाला दाखवा. वादावादी होते ती इथेच. मेंढराचे पाय बांधून उलटं लटकवू नका. आकडाही स्थिर होत नाही आणि पाहणाऱ्याचं मन उडतं.

वजन केव्हाचं धरायचं हे फोनवरच ठरवा. हिरवा चारा खाऊन पाणी प्यालेलं ३० किलोचं मेंढरू रात्रभर चाऱ्याविना राहिलं की सकाळी दोन-अडीच किलोने हलकं भरतं. म्हणजे तेवढ्या किलोंचे पैसे कुणीतरी चाऱ्याचे देतोय. आमच्याकडे रीत अशी आहे: रात्री ९ नंतर चारा बंद, पाणी पहाटेपर्यंत मोकळं, काटा सकाळी ७ ते ८. हे सांगितलेलं गिऱ्हाईक भावात घासाघीस कमी करतं. काहीजण आदल्या संध्याकाळी मीठ चारून पाणी पाजतात. डावी कूस फुगून टणक झालेली दिसते, जाणत्याला लगेच कळतं आणि तो दुसऱ्यांदा फिरकत नाही.

लोकर ओली असेल तरीही वजन खोटं. कातरणी झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी दाखवा, अंग नीट दिसतं.

शिवारफेरी
काटा नसेल तेव्हा टेप. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या सांध्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ३० आणि लांबी २७ असेल तर साधारण ३६.८ किलो. सेंटिमीटरमध्ये मोजलं तर १०,८०० ने भागा. लोकर दाबून टेप अंगाला टेकवायचा. घेराचा वर्ग होतो, त्यामुळे एका इंचाची चूक दोन-अडीच किलो फिरवते. हे फोनवर अंदाज सांगण्यापुरतं ठीक, पैसे काट्यावरच.

जतकर
माणदेशी दादांचं कटाईपुरतं बरोबर. पण माद्या आणि पैदाशीचा मेंढा वजनावर देऊ नका. २८ किलोची दुसऱ्या वेताची, कास चांगली असलेली मेंढी आणि २८ किलोची दात झिजलेली मेंढी काट्यावर सारखीच भरतात. पाळणारा कोकरं विकत घेतो, त्याला किंमत नगावर सांगा आणि नगामागचं कारण सांगा: वय किती, किती वेतं झाली, जुळी दिली का, दूध कसं, गाभण असेल तर किती दिवसांची.

माडग्याळच्या नावावर फार फसवणूक चालते. नाक पोपटासारखं बाकदार, उंच पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके किंवा पट्टे, हे सगळं पहिल्या संकरातही बरंचसं उतरतं. तुमची कोकरं दख्खनी मेंढीची आणि माडग्याळ बापाची आहेत, तर पावतीवर ‘दख्खनी-माडग्याळ संकर’ असंच लिहा. जत भागातून अस्सल घेतलेला माणूस उद्या तुमच्या दारात आला तर तो दोन मिनिटांत ओळखणार आहे.

सुवर्णा मेंढीचंही तेच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ती तयार केली. तो जनुक अंगात आहे की नाही हे फक्त रक्ताच्या डीएनए चाचणीत दिसतं, डोळ्यांना नाही. चाचणीचा कागद नसेल तर सुवर्णाचा भाव मागू नये, आणि घेणाऱ्याने देऊ नये.

डॉ_पशुधन
कागदाआधी जनावराची तयारी सांगतो, कारण ‘चार दिवसांत आजारी पडलं’ याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं.

विकण्याच्या आठवड्यात लस टोचू नका. प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि त्यात प्रवासाचा ताण. पीपीआरची (मेंढ्या-शेळ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस झाली नसेल तर ती आत्ताच घ्या, तिचं संरक्षण साधारण तीन वर्षं टिकतं. आंत्रविषाराची आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी देतात, पण तुमचे नर दाण्यावर असतील तर पावसाळ्याची वाट पाहू नका: पहिला डोस, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा, आणि त्यानंतर किमान पंधरा दिवस गेल्यावर विक्री. दाणा एकदम वाढला की आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि कळपातलं सगळ्यांत धष्टपुष्ट मेंढरू सकाळी मेलेलं सापडतं. गिऱ्हाइकाच्या घरी नेमकं हेच होतं. लाडाने परातभर गहू-ज्वारी, शिळ्या भाकरी, भात घालतात. त्यातून आम्लता होते, पोट फुगतं, पाय लटपटतात.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक मेंढरासोबत तुमच्याच खुराकाची दोन-तीन किलोची पिशवी द्या आणि चिठ्ठीवर लिहा: पहिले पाच दिवस दिवसाला १५०-२०० ग्रॅम दाणा, दोन वेळा विभागून, बाकी कडबा, सुका चारा, स्वच्छ पाणी, शिळं अन्न अजिबात नाही. पाळायला नेणाऱ्याकडे गाई असतील तर आणखी एक ओळ घाला: गाईंचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नये. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि मग अचानक कावीळ होऊन मेंढी जाते.

जंताचं औषध आणि प्रतिजैविकं यांच्या लेबलवर कटाईपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनला साधारण चार आठवडे, टोचायच्या आयव्हरमेक्टिनला पाच आठवड्यांपर्यंत. मे अखेरीची विक्री धरली तर एप्रिलच्या मध्यानंतर यातलं काही टोचलेलं मेंढरू वेगळं काढा, रंगाची खूण करा आणि ईदच्या यादीतून वगळा. गाभण असू शकणाऱ्या मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, गर्भात व्यंग येऊ शकतं.

मक्यावर वाढवलेल्या नरांत मूतखडा हा वेगळा धोका. दाण्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी पडतं. खुराकात चुनखडी भुकटी घालून कॅल्शियम-फॉस्फरस २:१ राखा, अमोनियम क्लोराईड खुराकाच्या अर्धा टक्का. नर सारखा शेपूट हलवत कुंथतोय आणि थेंबथेंब मुततोय तर विक्री विसरा, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

माणदेशी_माळ
डॉक्टरांची पिशवीची सूचना लाखमोलाची आहे. शंभर रुपयांच्या आतला खर्च, आणि परत येणारे निम्मे फोन बंद.

हडपसरकर
घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. ईदसाठी लागतं ते अव्यंग मेंढरू. लंगडं नको, एक डोळा गेलेलं नको, शिंग बुडापासून मोडलेलं नको, कान बराचसा कापलेला नको. कानातल्या बिल्ल्याच्या भोकाला बहुतेकजण हरकत घेत नाहीत, पण ओळखीसाठी कानाचा तुकडा कापायची जी पद्धत आहे ती ईदच्या नराला घातक. शिंगांचंही तसंच: वीस नर एका वाड्यात कोंडले की टकरीत एक-दोघांची मोडतातच, आणि त्याच क्षणी तो नर ईदच्या भावातून उतरून खाटकाच्या भावात येतो. एप्रिलपासून भांडखोर नर वेगळे बांधा.

वयाचं बोलायचं तर काही घरांत फक्त दोन दाती चालतं, काही घरांत वर्ष पूर्ण असलेलं, आणि मेंढीच्या बाबतीत काहीजण सहा महिन्यांवरचं पण अंगाने वर्षाचं दिसणारंही घेतात. ज्याची जी रीत असेल ती विचारा, वाद घालू नका. खच्ची केलेलं चालतं. फोटो मागतो तेव्हा चार हवेत: बाजूने उभा, समोरून तोंड, ओठ वर करून खालचे दात, मागून. सजवलेल्या फोटोपेक्षा दातांचा फोटो आधी पाहतो.

शिवारफेरी
दातांचं मोजमाप इथेच टाकतो. खालच्या जबड्यात पुढे आठ दुधाचे दात, म्हणजे अदत. मधले दोन पडून रुंद पक्के दात साधारण १४ ते १८ महिन्यांत येतात. चार दाती पावणेदोन-दोन वर्षांना, सहा दाती अडीचच्या आसपास, आठ दाती तीन वर्षांच्या पुढे. चराईवरच्या मेंढरांत दोन-तीन महिने इकडेतिकडे होतं.

नीरेकाठ, तुमचे नोव्हेंबर-डिसेंबरचे नर मे अखेरीस १७-१८ महिन्यांचे होतील, म्हणजे बहुतेक दोन दाती झालेले असतील. ही तुमची सगळ्यांत मोठी जमेची बाजू. जन्मतारखांची वही असेल तर तिचा फोटो जाहिरातीत टाका, ती दातांइतकीच बोलते. ईद दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकते, त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांतही हिवाळी वेताचे नर दीड वर्षाचे होऊनच बाजारात येतात. फक्त त्यांना दोन उन्हाळे पोसावे लागतात, तो चारा हिशेबात धरा.

नीरेकाठ
वही आहे. बिल्लेही मारलेत, पशुवैद्यकीय दवाखान्याचे, बारा आकडी. भावाचं गणित कसं मांडू? आणि विसार?

माणदेशी_माळ
तुमच्या भागात जवळचा बाजार लोणंदचा किंवा सांगोल्याचा. सलग दोन-तीन आठवडे तिथला चालू भाव काढा, पण नुसता आकडा नको, कसल्या मेंढराला तो मिळाला तेही. त्यातून टेम्पो, बाजार फी, दलाली आणि दिवसभरात घटणारं वजन वजा करा. हाती राहील तो तुमचा खालचा भाव. वरचा भाव गिऱ्हाइकाच्या मटणाच्या हिशेबावरून ठरतो. दख्खनीत जिवंत वजनाच्या ४५ ते ४८ टक्के मटण पडतं. ३० किलोतून १३.५ ते १४.४ किलो. समजा जिवंत ४०० रुपये किलो लावलं तर १२,००० रुपये, म्हणजे मटण साधारण ८५० रुपये किलोने पडलं, वर मुंडी, पाय, वजडी आणि कलेजी त्याचीच. हे गणित त्याच्यासमोर कागदावर मांडा. दुकानातला भाव त्याला माहीत असतोच, तो मनाशी ताडून बघतो. चार-पाच घरं मिळून वाटे घालणारे तर नुसतं ‘किलोला कितीला पडलं’ एवढंच विचारतात.

वेळ चुकवू नका. चैत्र-वैशाखाच्या जत्रा, ईद, मग आखाड. श्रावण लागला की कटाईची मागणी झपकन बसते आणि राहिलेले नर दसऱ्यापर्यंत तुमचा चारा खातात. म्हणून १४ पैकी सगळे थेट विकायचा हट्ट नको. आठ-नऊ नगांना पक्की गिऱ्हाइकं मिळाली तर बाकीचे आखाड संपायच्या आत बाजाराला काढा.

जतकर
विसार एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश. नुसतं ‘बांधून ठेवा, येतो’ म्हणणाऱ्यासाठी एकही नर राखू नका. आणि विसार घेतलात की राखण्याच्या अटी त्याच दिवशी लिहा: कोणत्या तारखेपर्यंत, त्यानंतर दिवसाला पोसण्याचे किती, मधल्या काळात वाढणारं वजन कुणाचं, आणि मेलं तर काय. सगळ्यांत सरळ पद्धत म्हणजे किलोचा भाव आज ठरवायचा आणि वजन नेण्याच्या दिवशी करायचं. तोपर्यंत मेंढरू तुमचं, जोखीम तुमची. मेलं तर दुसरं द्यायचं किंवा विसार परत. वजन आजच करून भाव चुकता झाला असेल तर उलट: मेंढरू त्याचं, तुम्ही फक्त पोसणारे, आणि पोसण्याचे पैसे वेगळे. या दोन्हींची खिचडी झाली की भांडण ठरलेलं.

पैसे ऑनलाइन आले तर आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय दोर सोडायचा नाही. समोरच्याच्या मोबाइलवरचा हिरवा बरोबरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. अंधार पडल्यावर येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा. जाहिरातीत गाव-तालुका पुरे. वाड्याचा नकाशा, कळपाची पूर्ण संख्या आणि रात्री वाड्यावर कोण असतं हे कुठेही टाकू नका. मेंढरांच्या चोऱ्या टेम्पो लावून होतात.

डॉ_पशुधन
पावतीवर काय असावं: तारीख आणि वेळ, दोघांची नावं-गावं, बिल्ला क्रमांक, लिंग, रंग, दात, वजन, किंमत, कोणत्या लसी कोणत्या तारखेला, शेवटचं औषध कोणतं आणि केव्हा, माहीत असलेला दोष. शेवटी ‘चालतं-फिरतं, खातं-पितं पाहून ताब्यात घेतलं’ आणि दोन सह्या. एक प्रत तुमच्याकडे. आता जबाबदारीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. विकण्यापूर्वीच अंगात असलेला आजार, उदाहरणार्थ पीपीआर, दोन-सहा दिवसांत वर येतो: ताप, डोळ्या-नाकातून घाण, तोंडात फोड, हगवण. तो तुमच्या कळपातही दिसेल, तेव्हा हात झटकू नका. दाणा जास्त खाऊन पोट फुगलेलं मात्र नेणाऱ्याचं. पाच दिवसांची मुदत लिहा आणि अट घाला की आजारी पडल्याबरोबर कळवायचं, मेल्यावर नाही.

गिऱ्हाईक बघायला येतं तेव्हा ते चार वाडे फिरून आलेलं असतं. दारात चुन्याचं किंवा जंतुनाशकाचं पायपुसणं ठेवा, त्यातून पाय ठेवूनच आत. दाखवायची मेंढरं आधीच बाहेरच्या वेगळ्या कुडात काढा. सगळा कळप पायाखाली घालू देऊ नका. गेलेलं मेंढरू सौदा मोडला म्हणून परत आलं तर ते तीन आठवडे वेगळं.

शिवारफेरी
बघणाऱ्याला काय दाखवायचं तेही शिकवा. शेवटच्या बरगडीमागे कमरेवर तळहात टेकवून बोटं दाबायची. मणक्याचं टोक धारदार लागलं आणि आडवी हाडं बोटांना मोजता आली तर मेंढरू खंगलेलं. टोक गोल लागून दाबल्यावरच हाड कळलं तर भरलेलं. दख्खनीवर लोकर असते म्हणून डोळ्यांवर विश्वास नको. मग खालची पापणी उलटून पाहायची, लालसर-गुलाबी हवी. पांढरट असेल किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज असेल तर जंतांनी रक्त पिऊन टाकलंय. खूर उचलून फटीचा वास घ्यायचा. पैदाशीच्या मेंढ्याचे दोन्ही गोळे सारखे, घट्ट, गाठ नसलेले. माद्यांची कास दाबून दोन्ही बाजूंनी दूध येतं का, आत टणक गोळा आहे का. हे सगळं तुम्ही स्वतः करून दाखवलंत तर पाळणारा माणूस भाव मान्य करून जातो.

नीरेकाठ
माद्या मागणाऱ्यांना मेंढाही इथलाच हवाय. आणि एकजण म्हणतो तुमच्याच वाड्यावर कापून द्या.

जतकर
त्याच मेंढ्याच्या मुली आणि तोच मेंढा, किंवा त्याचा मुलगा, एका माणसाला देऊ नका. पुढच्या वेतात कमजोर, कमी वाढीची कोकरं निघतात आणि नाव तुमचं खराब होतं. माद्या तुमच्या घेऊ द्या, मेंढा दुसरीकडचा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची रांजणी, महूद, दहिवडी इथे प्रक्षेत्रं आहेत, पैदाशीच्या नरांसाठी तिथे चौकशी करायला सांगा. २५-३० मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. गाभण मेंढी शेवटच्या महिन्यात गाडीत चढवू नका. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, लागण्याची तारीख वहीत असेल तर हिशेब सोपा.

डॉ_पशुधन
वाड्यावर कापून देऊ नका. परवाना नाही, तपासणी नाही, रक्त-आतड्यांची विल्हेवाट नाही, आणि कुत्री-कोल्ही जमून उरलेल्या कळपावर संकट. जिवंत विका. खाटीक आणि जागा ही गिऱ्हाइकाची बाजू, आणि शहरात सोसायटीत कापायचं असेल तर महापालिकेची परवानगी काढणंही त्याचंच.

वाहतुकीचं सांगून टाकतो, कारण पोलिसांनी टेम्पो अडवला की फोन तुम्हालाच येतो. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार पशुवैद्यकाचा ‘प्रवासास योग्य’ दाखला लागतो. साडेचार-पाच टनी मालवाहू गाडीत ४० पेक्षा जास्त मेंढ्या-शेळ्या नकोत. खाली किमान ५ सेंटिमीटर भुसा किंवा पेंढा, पाय बांधलेले नकोत, नर आणि माद्या एकाच कप्प्यात नकोत. दाखला आदल्या दिवशी काढा, त्यावर बिल्ला क्रमांक घाला, आणि सोबत तुमच्या पावतीची प्रत. कारच्या डिकीत कोंबून नेणाऱ्याला मेंढरू देऊ नका. मे महिन्यात अर्ध्या तासात जीव गुदमरतो.

हडपसरकर
पुण्याकडे न्यायचं तर पहाटे पाचला गाडी भरा, नऊच्या आत उतरवा. एकटं मेंढरू घाबरून खात नाही; एकच घेणाऱ्याला त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सोबतीला जोडून पाठवता आलं तर दोन्ही खातात. उतरवल्यावर आधी सावली आणि पाणी, तासाभराने सुका चारा, दाणा दुसऱ्या दिवशी.

नीरेकाठ
काटा आणि झोळी या आठवड्यात. पीपीआरसाठी दवाखान्यात नाव देतो. भांडखोर तीन नर आजच वेगळे बांधलेत. माद्यांचं एक राहिलं: दोन मेंढ्यांची कास एका बाजूने टणक आहे, त्या पाळणाऱ्याला ‘एक सड बंद’ असं सांगून कमी भावात द्याव्यात का?

जतकर
नाही. सांगून दिल्या तरी पुढचा माणूस तिसऱ्याला न सांगता देतो आणि कोकरू उपाशी मरतं. त्या दोन्ही काट्यावर घाला, कटाईच्या भावात. औषधं चालू असतील तर लेबलवरचे दिवस संपू द्या, मग.